मदत हवी आहे: लांबची जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा मोजणारी) स्टेशनं भूकंपाचा धक्का पोचायच्या आतच मॅग्निट्यूड ७.४ दाखवतात

समुद्रवेध:
त्सुनामीच्या इशाऱ्यासाठी किनाऱ्यावरच्या स्टेशनांचा दर सेकंदाचा डेटा घेऊन जमिनीच्या कमाल विस्थापनावरून, म्हणजे पीजीडीवरून, मॅग्निट्यूड काढतोय. पीजीडी सेंमीमध्ये, अंतर भूकंपनाभीपासून किमीमध्ये:

लॉग पीजीडी = −४.४३४ + १.०४७ × मॅग − ०.१३८ × मॅग × लॉग अंतर

जुन्या भूकंपाच्या डेटावर दोन गोष्टी अडतात. ६०० किमीवरची स्टेशनं धक्का पोचायच्या आतच ७.४ सांगतात. नंतर एका ठरावीक सेकंदाला सगळी स्टेशनं एकदम पश्चिमेला सरकतात. पोझिशन आरटीकेची, म्हणजे स्थिर धरलेल्या एका बेस स्टेशनाच्या तुलनेत काढलेली; बेस किनाऱ्यावर. कुठे बघू?

भूतरंग:
पहिल्याचं उत्तर सूत्रातच आहे. पीजीडीच्या जागी ३ सेंमी नॉइज (मोजणीतली डळमळ) घालून बघा: १०० किमीवर ६.४ येतं, ६०० किमीवर ७.४. भूकंपवेळेपासून ३ किमी प्रति सेकंद वेग धरून मास्क लावा, म्हणजे ६०० किमीचं स्टेशन पहिली २०० सेकंद गप्प. किमान चार स्टेशनं जमल्याशिवाय आकडा बाहेर सोडू नका.

शिवाय पीजीडी हा कमाल आकडा; एक खोटा झटका आला की शेवटपर्यंत चिकटून बसतो. शेजारच्या स्टेशनावर तसं काही नसेल तर तो टाकून द्या. उभ्या दिशेचा नॉइज आडव्याच्या दोन-तीन पट असतो, आधी तिथेच शोधा.

ध्रुव_७:
दुसऱ्यात बेसच पूर्वेला सरकलाय. तो स्थिर धरलात, म्हणून बाकीची उलटी पळताना दिसतात. जपानच्या २०११ च्या तोहोकू भूकंपात तिथल्या ओशिकाचं स्टेशन ५ मीटरहून जास्त सरकलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या बेसचा भरवसा नाही. पीपीपीवर जा, म्हणजे बेसशिवाय प्रत्येक स्टेशनाची जागा स्वतंत्र काढा; उपग्रहांच्या ऑर्बिट आणि क्लॉकच्या दुरुस्त्या एनट्रिपवरून (इंटरनेटवरून जीएनएसएस डेटा पाठवायची पद्धत) घ्या. ते स्थिरावायला २०-३० मिनिटं लागतात, म्हणून इंजिन कायम चालू हवं. धक्का बसल्यावर सुरू करून उपयोग शून्य. स्ट्रीम तुटून परत आली तर पुढचा अर्धा तास त्या स्टेशनाचं मत मोजू नका. रिसीव्हरला बॅटरी आणि दुसरी लिंक द्याच, मोठ्या धक्क्यात वीज पहिली जाते.

समुद्रवेध:
मास्क लावल्यावर ७.४ गेलं, पीपीपीचं काम सुरू केलंय. या आकड्यावर थेट इशारा द्यावा का?

भूतरंग:
एकट्यावर नको. फायदा मोठा आहे हे खरं: तोहोकूत सुरुवातीचा अंदाज ७.९ होता, प्रत्यक्षात ९.० निघाला, आणि पीजीडी असं वरच्या टोकाला अडकत नाही. पण इंडोनेशियातल्या २०१० च्या मेंतावाईसारखा, समुद्रतळाच्या खंदकाजवळ उथळ आणि संथ सरकणारा भूकंप असेल तर मॅग्निट्यूडच्या मानाने लाट फार मोठी उठते. २०१८ मध्ये तिथल्याच अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा कडा कोसळून त्सुनामी आली, तिथे हे सूत्र काहीच बोललं नसतं. समुद्रतळाचे दाबमापक आणि भरती-ओहोटीमापक सोबत हवेतच. आकड्याशेजारी किती स्टेशनं धरली आणि भूकंपाला किती सेकंद झाले, हेही दाखवा. ४० व्या सेकंदाचा ७.८ आणि १८० व्या सेकंदाचा ७.८ यांची किंमत सारखी नसते.