मदत हवी आहे: मॉलिब्डेनम डायटेल्युराइड या अतिवाहकाचा लॅम्बडा (इलेक्ट्रॉन आणि फोनॉन, म्हणजे अणूंची कंपनं, यांच्या जोडणीचा आकडा) ०.८ येतोय

दर्यापूरकर:
टीडी फेज (स्फटिकाची एक रचना), सेलमध्ये १२ अणू, स्पिन-ऑर्बिट चालू, क्वांटम एस्प्रेसो (गणनेचं सॉफ्टवेअर). फोनॉनसाठी क्यू-ग्रिड ४×२×१, इलेक्ट्रॉनसाठी के-ग्रिड ८×४×२, दाट ग्रिड १६×८×४. सिग्मा (ऊर्जा पातळ्या पसरवायची रुंदी) ०.००५ रिडबर्गपासून १० पायऱ्यांत ०.०५ पर्यंत. वरच्या ओळींत लॅम्बडा उड्या मारतो, खाली स्थिरावतो, म्हणून शेवटचा ०.८ घेतला. ओमेगा-लॉग (फोनॉनची सरासरी फ्रिक्वेन्सी) १३० केल्विन, म्यू-स्टार (इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण) ०.१ धरून ॲलन-डाइन्सच्या सूत्राने टीसी (अतिवाहकता सुरू होण्याचं तापमान) ६ केल्विन येतो. प्रयोगात वातावरणाच्या दाबाला ०.१ केल्विनच आहे. शिवाय गावात दिवसातून दोनदा लाईन जाते, इन्व्हर्टर तासभर पुरतो आणि फोनॉनची रन अर्ध्यात मरते.

पांढरीची माती:
भाऊ, शेवटची ओळ सोडा. ०.०५ रिडबर्ग म्हणजे ०.६८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हा सेमीमेटल आहे, त्यात फर्मी पातळीपाशी (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या अवस्थांची वरची सीमा) अवस्थांची छोटी पॉकेट्स असतात. एवढ्या रुंदीत पातळीपासून लांबच्या अवस्थाही मोजल्या जातात, डीओएस (त्या ऊर्जेला किती अवस्था आहेत तो आकडा) फुगतो आणि त्यासोबत लॅम्बडाही. आकडा स्थिर दिसतो तो सगळं पुसट झाल्यामुळे. आउटपुटमध्ये प्रत्येक सिग्मापाशी डीओएस छापलेला असतो. टेट्राहेड्रॉन पद्धतीने (तिला सिग्मा लागत नाही) वेगळा डीओएस काढा, एकक जुळवा आणि जिथे दोन्ही जुळतात तिथलाच लॅम्बडा धरा. सिग्मा ०.००१ पासून ठेवा, दाट ग्रिड ३२×१६×८ करा.

फोनॉन पुन्हा काढायची गरज नाही. दाट आणि साध्या ग्रिडची, दोन्ही एससीएफ (इलेक्ट्रॉनांची मूळ गणना) परत चालवा, मग ट्रान्स फॉल्स ठेवून (म्हणजे फोनॉन नव्याने न काढता) जुन्या डीव्हीएससीएफ फाइल्सवर (फोनॉनमुळे पोटेन्शियलमध्ये होणारा बदल त्यांत असतो) फक्त इलेक्ट्रॉन-फोनॉनचा भाग काढा. त्या फाइल्स पुसल्या असतील तर मात्र सगळं पहिल्यापासून.

एक हिशोब करून पाहा: ओमेगा-लॉग, म्यू-स्टार तेच ठेवून लॅम्बडा ०.३१ घातला की टीसी ०.०९ केल्विन येतो. सूत्र घातांकी आहे, लॅम्बडातली चूक टीसीत कित्येक पटींनी वाढते.

सातपुडा:
लाईनसाठी: स्टार्ट-क्यू आणि लास्ट-क्यू सारखेच देऊन एकेक क्यू वेगळा चालवा, प्रत्येकाला एससीएफच्या सेव्ह फोल्डरची स्वतंत्र प्रत द्या. लोडशेडिंगची वेळ ठरलेली असेल तर मॅक्स-सेकंद (रनची वेळमर्यादा) त्याच्या अर्धा तास आधीचे ठेवा. रन स्वतःहून नीट थांबते, पुढे तिथूनच चालू करायला रिकव्हर ट्रू. पहिल्या वेळी रिकव्हर फॉल्सच. फाइल लिहिताना वीज गेली तर ती बिघडते, मग तेवढाच क्यू नव्याने.

दाबाखालचा टीसी काढायचा असेल (२०१६ च्या प्रयोगात ११.७ गिगापास्कलला ८.२ केल्विन मिळाला) तर त्या दाबाला सेल नव्याने रिलॅक्स करा (अणू स्थिर जागी बसू द्या). कुठल्याही क्यूला काल्पनिक फ्रिक्वेन्सी आली तर तिथला लॅम्बडा वापरू नका. आधी रचना तपासा, दाबाखाली टीडी फेज टिकतेच असं नाही.

दर्यापूरकर:
डीव्हीएससीएफ फाइल्स आहेत. आज रात्री दोन्ही एससीएफ लावतो, डीओएसचे आकडे उद्या इथेच टाकतो.