श्रीश्रींची डबिंगची गाणी साहित्यिक अनुवादात धरावीत का?

मूळ मांडणी
विशाखापट्टणमला १९१० साली जन्मलेले श्रीरंगम् श्रीनिवासराव, म्हणजेच श्रीश्री, ‘महाप्रस्थानम्’मुळे आधुनिक तेलुगू कवितेचे अध्वर्यू ठरले. मात्र त्यांच्या अनुवादांचा विषय निघाला की चर्चा परभाषांतल्या कवितांपाशीच थांबते आणि डबिंगची गाणी पोटापाण्याचे काम म्हणून बाजूला सारली जातात. मला हे अन्यायाचे वाटते. ‘नीरा और नंदा’ हा हिंदी चित्रपट १९५० साली ‘आहुति’ या नावाने तेलुगूत आला, तेव्हा त्याची गाणी त्यांनी लिहिली. अशा कामात चाल ठरलेली असते, मात्रा मोजलेल्या असतात आणि पडद्यावर ओठ मिटतात तिथे प, ब किंवा म यावा लागतो; त्यातच हिंदी शब्द पुष्कळदा व्यंजनावर संपतो आणि तेलुगू शब्द बहुधा स्वरावर. एवढ्या अटी पाळून गाणे उभे करणारा कवी अनुवादक नव्हे, असे कसे म्हणावे?

प्रतिसाद : असहमत
कौशल्याविषयी दुमत नाही. पण साहित्यिक अनुवादक आपली संहिता स्वतः निवडतो. इथे निवड निर्मात्याची असते आणि ओठ जुळेनात तर मुरड अर्थालाच घालावी लागते. ‘महाप्रस्थानम्’ पुस्तकरूपात १९५० साली आले असले, तरी त्यातल्या बहुतेक कविता १९३०च्या दशकातल्या आहेत. त्यांच्या पंक्तीला ही गाणी बसवून कवीचा मान वाढत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर
स्वतः निवडलेली संहिता हीच कसोटी लावली, तर नन्नयांचे काय करायचे? अकराव्या शतकात राजराज नरेंद्राच्या सांगण्यावरून त्यांनी महाभारत तेलुगूत आणायला घेतले आणि तेलुगू काव्यपरंपरा तिथूनच सुरू झाली असे मानतात. सांगून करवून घेतले म्हणून ते काम हलके ठरले नाही.

पुन्हा असहमत
नन्नयांचा दाखला बिनतोड आहे आणि निवडीचा मुद्दा मी सोडतो. अर्थाचा मात्र सोडत नाही, कारण नन्नयांना गद्यपद्य मिसळून कथा आपल्या रीतीने मांडायची मोकळीक होती. मूळ हिंदी ओळीखाली श्रीश्रींची तेलुगू ओळ छापून कोणी दाखवावे. जिथे आशय टिकला असेल, ती गाणी अनुवादात घ्यायला माझी हरकत नाही, बाकीची गीतलेखनातच राहू द्यावीत.