मदत हवी आहे: विहिरीच्या पाण्यात फोटोॲनोडचा करंट तासाभरात पडतो

एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय. ऊन आणि वीज एकत्र लावून पाण्यातलं ॲट्राझीन मोडायचं. आमच्या भागात भांगलणीला माणसं मिळत नाहीत, त्यामुळे ऊस लावला की सगळे हेच तणनाशक मारतात. विषय तिथूनच सुचला.

एफटीओ काचेवर (वीज वाहणारा पातळ थर असलेली काच) स्प्रे पायरॉलिसिसने, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून, टंगस्टन ऑक्साइडची फिल्म चढवलीय. हाच फोटोॲनोड, उन्हावर चालणारं धन टोक. समोर कॅथोड (ऋण टोक) म्हणून स्टीलची पट्टी, १.५ व्होल्ट, गच्चीवरचं ऊन. टायटॅनियम डायऑक्साइड मुद्दाम टाळलं, त्याला अतिनील किरणच लागतात आणि उन्हात ते जेमतेम ४-५ टक्के.

डिस्टिल्ड पाण्यात सोडियम सल्फेट आणि १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) ॲट्राझीन घेतलं तर स्पेक्ट्रोमीटरवर त्याचा प्रकाश शोषण्याचा २२२ नॅनोमीटरचा पीक तीन तासांत निम्म्याखाली येतो. विहिरीचं पाणी (पीएच ८.२) घेतलं की करंट १.२ वरून ०.४ मिलिअँपिअर. स्टीलवर पांढरा थर बसतो, आणि फिल्मची पिवळसर झाक कडेने जाऊन नुसती काच दिसायला लागते. २२२ ला तर सुरुवातीलाच रीडिंग स्केलबाहेर! सर म्हणतात फिल्म कच्ची भाजलीय. ५०० अंशांवर दोनदा भाजून झाली. काय चुकतंय?

उत्तर:
भाजण्यात काही चूक नाही. टंगस्टन ऑक्साइड आम्लात टिकतं, अल्कलीत विरघळतं. तुमचं पाणी ८.२ म्हणजे अल्कधर्मी, फिल्म त्यात विरघळून गेली. सल्फ्युरिक आम्लाने पीएच ३ वर आणा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ढवळा. ॲट्राझीन मोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल खाणारं बायकार्बोनेटही त्यातच निघून जाईल. पांढरा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, कॅथोडपाशी पाणी अल्कधर्मी होतं म्हणून बसतो. २२२ चा घोळ बहुतेक नायट्रेटचा, तेही तिथेच प्रकाश शोषतं; युरिया खाल्लेल्या रानातलं पाणी ना! एचपीएलसीशिवाय (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) इलाज नाही. आणि पीक गेला म्हणून ‘संपूर्ण विघटन’ लिहू नका. ॲट्राझीनच्या रेणूतली ट्रायझिनची कडी सायन्युरिक आम्लापाशी अडकते, टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) बघा. नुसतं ऊन, नुसती वीज, अंधार हे तिन्ही कंट्रोल (तुलनेचे प्रयोग) घेतलेत का? बाय द वे, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ॲट्राझीनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, तुमचे १० पीपीएम त्याच्या पाच हजार पट.

मूळ प्रश्नकर्ती:
पीएच ३ केला, दोन तास करंट १.१ ला टिकला. खूप आभार! अंधारातला कंट्रोल राहिलाच होता, उद्या घेते. पण शेतावर आम्ल ओतत कोण बसणार? ७-८ पीएचला टंगस्टन ऑक्साइडऐवजी बिस्मथ व्हॅनाडेटची फिल्म कुणी वापरलीय का? किती दिवस टिकते?