पालिकेचा २० गुंठ्यांचा प्लॉट: मंडई बांधायची की मोकळा ठेवायचा?

काळी_माती:
सांगलीत शामरावनगरच्या बाजूला आमची कॉलनी. मधोमध पालिकेच्या मालकीचा २० गुंठ्यांचा प्लॉट मोकळा पडलाय. त्यावर मैदानाचं आरक्षण आहे. आता तिथं काँक्रीट करून भाजी मंडई आणि वर गाळे काढायचे, म्हणून सह्या गोळा होतायत. माझी सही नाही आणि मी देणारही नाही.

२० गुंठे म्हणजे साधारण २००० चौरस मीटर. दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर तेवढ्या जागेवर १ लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे मोठे दहा टँकर. आज त्यातलं बरंच तिथंच थांबतं. काँक्रीट झालं की सगळं उताराला, तिसऱ्या गल्लीत.

मंडईची_लेक:
दादा, टँकर मोजलेत तशी माणसंही मोजा. माझी आई पहाटे चारला सौद्याला जाते आणि दिवसभर शंभर फुटी रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसते. मागच्या पावसाळ्यात मागं येणाऱ्या गाडीखाली तिची पाटी गेली, हात थोडक्यात वाचला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात विक्रीसाठी जागा ठरवून द्यायची तरतूद आहे, समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतले हवेत असंही आहे. रस्त्यावर बसलं तर वाहतुकीला अडचण, प्लॉटवर बसायचं म्हटलं तर पाण्याला अडचण. मग तिनं बसायचं कुठं?

निवृत्त_ओव्हरसियर:
मी मंडईच्या बाजूचा. वरचा हिशेब अर्धाच आहे. काळी माती पहिल्या पावसात भेगांतून पाणी पिते. भेगा मिटल्या, माती फुगली, की पाणी मुरतच नाही म्हणा. आणि पुराचं म्हणाल, तर २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोका पातळी ४५ ची. ते पाणी आलं कोयना-वारणेच्या खोऱ्यातून. तिथं २० गुंठे काय करणार?

काळी_माती:
साहेब, मातीचं तुमचं बरोबर. पण मी ‘मुरतं’ म्हटलं नाही, ‘थांबतं’ म्हटलं. महापुराचंही बोलत नाही. नदी चढली की नाले नदीत रिकामे होत नाहीत, फूग उलटी आत येते. त्या चार दिवसांत वरून पडलेलं पाणी ठेवायचं कुठं? मैदान दीड फूट खोलगट केलं तर ९ लाख लिटर मावतं, आणि दिवाळीनंतर पोरं तिथंच खेळतात.

शिवाय आरक्षण सह्यांनी बदलत नाही. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते, हरकती मागवाव्या लागतात. बंगळुरूत उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, ते सुप्रीम कोर्टानं १९९१ ला रद्द ठरवलं.

तिसरी_गल्ली:
माझी भिंत प्लॉटला लागून आहे. दीड फूट पाणी माझ्या दाराशी साठवणार? गेल्या साली घरात दोघांना डेंग्यू झाला. खड्ड्यापेक्षा मंडई परवडली.

निवृत्त_ओव्हरसियर:
नदी उतरली की दोन दिवसांत पाणी निघून जाईल असा पाइप आणि झडप हवी. ती नसेल तर यांची भीती खरी आहे. पण झडप उघडायला माणूस कोण ठेवणार? बांधलेली मंडई निदान वापरात राहते.

काळी_माती:
झडपेची किल्ली कॉलनीकडे द्या, मी घेतो जबाबदारी. ताई, तुमच्या आईसाठी रस्त्याकडचे तीन गुंठे भर घालून उंच करूया. ओटे, वर पत्रा, पाण्याचा नळ. गाळे मात्र नकोत. गाळे म्हणजे लिलाव आणि डिपॉझिट. पाटीवाल्या बाईच्या वाट्याला त्यातलं काय येणार?

मंडईची_लेक:
गाळ्याचं डिपॉझिट आईला झेपणार नाही, हे खरं. पण ओट्यांचं तुम्ही आज तोंडी म्हणताय. तुमच्या हरकतीच्या अर्जात तीन गुंठे आणि नळ लिहून दाखवा, आईची सही मी आणते.