खान्देशात फोटो काढण्यासारखं काही नाही म्हणे!

तापीकाठ_जळगाव
परवा एका ग्रुपवर पोस्ट वाचली, तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. पोस्ट अशी: "खान्देश म्हणजे ऊन, केळी आणि काळी माती. नवीन कॅमेरा घेतला असेल तर इथं वेळ घालवू नका, सरळ स्पिती नाहीतर जैसलमेर गाठा." आणि खाली हो ला हो करणारे निम्मे आपलेच, जळगाव-धुळ्याचे.

अरे भाऊ, साक्रीकडे जाताना गाडीतून बाहेर बघता की मोबाईलमध्ये? माळावर काळ्या दगडाची भिंत उभी असते, कोणी मुद्दाम बांधल्यासारखी, टेकडी चढते उतरते आणि पार लांब निघून जाते. तो डाइक. जमिनीच्या भेगेत लाव्हा घुसून थिजला, आजूबाजूचा खडक झिजला, हा कडक म्हणून उभा राहिला. धुळे-नंदुरबार पट्ट्यात असे कितीतरी आहेत आणि बरेचसे साधारण पूर्व-पश्चिम पसरलेले. जानेवारीत सूर्य आग्नेयेला उगवतो, मग कोवळं ऊन भिंतीच्या दक्षिण अंगाला घासत जातं आणि दगडातली एकेक खाच, त्यात अडकलेलं वाळकं गवत, सगळं उठून दिसतं. पंधरा-वीस मिनिटं फक्त, नंतर सगळं सपाट. मी चार वर्षं त्याच एका भिंतीला जातोय. पहिल्या वर्षीचा एकही फोटो ठेवला नाही, कारण आरामात चहा-बिहा घेऊन नऊला पोचायचो.

तोरणमाळ घ्या, हजार मीटरच्या वर आहे, पावसाळ्यात सीताखाईत ढग खालून वर येतात. पाटणादेवीचं जंगल आहे. आणि रानपिंगळा, ते छोटं घुबड! १८८४ नंतर कोणाला नीट दिसलाच नाही, जग त्याला संपला समजत होतं, तो १९९७ च्या नोव्हेंबरात सापडला कुठं? आपल्या शहाद्याजवळ. मागच्या महिन्यात मलाही दिसला, फोटो आणि त्या जागेची नकाशावरची पिन खाली टाकतो, ज्यांना इथं काही नाही वाटतं त्यांनी जाऊन बघून या.

धुळेकर_पुण्यात
ती पोस्ट माझीच. पळून जाणार नाही, उत्तर देतो.
मी देवपूरचा आहे, खान्देश मला कोणी शिकवू नये. पण फोटो भावनेवर नाही, हवेवर निघतो. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आपल्याकडे धूळ इतकी की दहा किलोमीटरवरचा डोंगर पांढुरका दिसतो. स्पितीची कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे, तिथं हवा विरळ, कोरडी, लांबचा डोंगर हातावर आल्यासारखा. लडाखमधल्या हानलेची वेधशाळा तेवढ्याच उंचीवर आहे, २०२२ ला तिथं डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेला भाग, जाहीर झालं. तिथल्यासारखी आकाशगंगा जळगावात काढून दाखवा.
आणि एक सांगतो. वडील गेले त्या वर्षी मी कशातच नव्हतो. मित्रानं ओढून स्पितीला नेलं. सात-आठ महिन्यांनी तिथं पहिल्यांदा कॅमेरा बॅगेतून काढला. ते मला खान्देशात झालं नसतं.

साक्री_रोड
जळगावात कशाला, तोरणमाळला अमावास्येला जाऊन बघा. आणि हवा वर्षभर खराब नसते हो. पाऊस उघडला की ऑक्टोबरात लळिंगच्या किल्ल्यावरून कुठवर दिसतं ते बघितलंय का कधी? तुम्ही दिवाळीला येता, चार दिवस फराळ करता आणि परत पुणे. मग मे महिन्यात लग्नाला येता आणि म्हणता धूळ.

अमळनेर_ताई
मी या बाबतीत पुणेवाल्या भाऊंच्या बाजूनं आहे, कारण वेगळं आहे. लडाखला मी एकटी गेले, ट्रायपॉड लावून पहाटे तीनला उभी राहिले, कोणी विचारलं नाही. इथं आपल्याच तालुक्यात टेकडीवर उभी राहिले की दोन मोटारसायकली थांबतात, "काय ताई, कोण बरोबर आहे?" सूर्योदय राहतो बाजूला. डाइक सुंदर असेल, पण पहाटे साडेसहाला मी तिथं जायचं कोणाच्या भरवशावर?

तापीकाठ_जळगाव
ताई, हे मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

धडगाव_मास्तर
बाकी वाद तुमचे चालू द्या. आधी ती पिन काढा.
रानपिंगळा दिवसा फिरणारा पक्षी, उघड्या सागाच्या रानात, पानं गळालेल्या फांदीवर सगळ्यांसमोर बसतो. शोधायला कष्ट नाहीत, म्हणूनच त्याला धोका. पिन टाकली की गाड्या येतात. आणि आता त्याच्या घरट्याचे दिवस आहेत.

लेन्स६००_भुसावळ
मास्तर, हे जरा अतीच होतं. जागा छापली गेली म्हणून तर पुढे अभ्यास झाला, यावल-मेळघाटात शोध झाला, आणखी ठिकाणी सापडला. २०१८ ला त्याचा दर्जा अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्तवर आला, म्हणजे परिस्थिती आपण समजत होतो तेवढी वाईट नव्हती. लपवून ठेवला असता तर कोणाला कळलं असतं? आम्ही हतनूरला बदकं बघतो, सगळ्यांना जागा माहीत आहे, काही बिघडत नाही.

धडगाव_मास्तर
हतनूरच्या पाण्यात हजारो पक्षी उतरतात, चारशे मीटरवर बसतात, उठले तर दुसऱ्या टोकाला जातात. इथं एका नाल्यात एक जोडी असते. तिचं पाण्याचं दुसरं टोक कोणतं?
आणि अभ्यास करणारे येतात तेव्हा महिना महिना आमच्या पाड्यावर राहतात, परवानगी काढून येतात. फोटोवाले येतात ते दुपारच्या जेवणाला परत शहाद्याला. त्यांच्याकडे वेळ नसतो म्हणून पक्षी जवळ यावा यासाठी स्पीकरवर त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज वाजवतात.

लेन्स६००_भुसावळ
मिनिटभर कॉल वाजवला तर पक्षी मरत नाही. मी स्वतः वाजवलाय, स्पष्ट सांगतो. चार दिवस रजा टाकून गेलो होतो, पाठीवर साडेतीन किलोची लेन्स, रिकाम्या हातानं परत यायचं का?

धडगाव_मास्तर
हो, रिकाम्या हातानं परत यायचं.
तुमचं मिनिट तुम्ही मोजलं. तुमच्या आधी सकाळी एकजण येऊन गेला, तुमच्यानंतर संध्याकाळी अजून दोघं, त्यांचं कोण मोजणार? नराला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला. तो शिकार सोडून धावत येतो, फांदीवर शेपटी झटकत ओरडत बसतो. तुम्हाला वाटतं वा, काय पोज दिली. मागच्या हंगामात आमच्या नाल्यावर सागाच्या ढोलीत घरटं होतं. मी शाळा सुटल्यावर लांबून बघायचो, नर सरडा आणायचा, मादी ढोलीच्या तोंडाशी येऊन घ्यायची. मग गाड्या सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात ढोली रिकामी. पोरांनी मला विचारलं, मास्तर पिंगळा कुठं गेला, काय सांगू त्यांना?

लेन्स६००_भुसावळ
फोटोवाल्यांमुळेच गेला हे कशावरून? साप असेल, मुंगूस असेल. आणि पाड्यावरची लोकं सागाची लाकडं तोडतात त्यावर कधी लिहिणार?

धडगाव_मास्तर
लिहितो. पाड्यावर चुलीला वाळकं लाकूड लागतं, रान तोडून शेत झालं तेही खरं, लपवत नाही. सागाच्या चोरीचे ट्रक कुठं जातात ते मात्र चूल पेटवणाऱ्या बाईला विचारू नका. आणि तुमच्या हातातला स्पीकर तिनं दिला नव्हता.

चाळीसगावचा
मास्तरांना हजारदा पाठिंबा. आमचं पाटणादेवी बघा! चंडिकेचं मंदिर, भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख, धवलतीर्थ, केदारकुंड, काय नाही तिथं? पाच-सात वर्षांपूर्वी श्रावणात केदारकुंडला गेलो तर पाण्याशिवाय आवाज नव्हता. मग कोणीतरी रील टाकली. आता रविवारी ओढ्यात चिप्सच्या पिशव्या आणि काचा, माझ्या पोराचा तळपाय कापला, तीन टाके. अभयारण्य आहे हो ते, १९८६ पासून! बठ्ठा लोके तठेच जातस.

धुळेकर_पुण्यात
म्हणजे बघा, मी लोकांना स्पितीला पाठवत होतो तेच बरं होतं ना? तुम्ही खान्देशाचा अभिमान म्हणून पिन वाटता आणि मग मास्तरांनी ढोल्या राखायच्या.

तापीकाठ_जळगाव
म्हणजे स्पितीची वाट लागली तर चालेल? तिथंही कोणाचं तरी गाव आहे, कोणीतरी मास्तर आहे. तुमचा मुद्दा मला पटलेला नाही आणि पटणार नाही. दगडाची भिंत कितीही लोकांनी बघितली तर तिला फरक पडत नाही, तिची जागा मी विचारेल त्याला सांगणार.
पण पिंगळ्याबद्दल मास्तर बरोबर आहेत. राग आला होता म्हणून टाकली. मी कॉल वाजवला नव्हता, एवढं मात्र नोंदवून ठेवा. पिन काढली. फोटोतलं लोकेशनही पुसलं.

लेन्स६००_भुसावळ
घरट्याच्या दिवसांत वाजवू नये, इथपर्यंत मी येतो. त्यापुढे नाही.

धडगाव_मास्तर
काढलीत, बरं झालं. पण पोस्ट चार दिवस होती. आज सकाळी नाल्याच्या वरच्या वळणावर तीन गाड्या लागलेल्या होत्या, एक पुण्याची, दोन जळगाव पासिंगच्या. एकाच्या हातात तो छोटा गोल स्पीकर होता. फॉरेस्ट गार्डला फोन केलाय, ते खालच्या बीटवर आहेत, यायला दुपार होईल. तोवर सातवीची चार पोरं घेऊन मीच वर जाऊन बसतो.