कोबेत तळ ठोकून ओसाका-क्योटो-हिमेजी करावं का?

चहाबाज_ठाणे: एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन जपान, सहा रात्री. दोघंही सत्तरीचे, आईचे गुडघे कुरकुरतात. रोज बॅगा उचलणं जमणार नाही, म्हणून एकाच गावात मुक्काम. कोबे कसं राहील? तिघांना मिळून रात्रीला ९ हजार रुपयांपर्यंत. आई शाकाहारी.

मुसाफिर_कट्टा: डोळे मिटून ओसाका. आम्ही उमेदाला उतरलो होतो, एकविसावा मजला, १९ हजार पडले पण वसूल!

चहाबाज_ठाणे: ९ म्हटलंय हो.

लिंबूसरबत: कोबे बेस्ट. कोबेतल्या सान्नोमिया स्टेशनवरून जेआर रेल्वेची शिनकाइसोकु, म्हणजे जलद गाडी पकडायची, जादा तिकीट लागत नाही. ओसाका वीस-बावीस मिनिटं, हिमेजी चाळीस, क्योटो पन्नास. नाराला तर हानशिन या दुसऱ्या रेल्वे कंपनीची थेट गाडी आहे, कुठेही बदलावं लागत नाही. गुडघ्यांसाठी हे महत्त्वाचं.

आडवाटेचा_वाटसरू: एक सांगतो, कोबे, सान्नोमिया आणि शिन-कोबे ही तीन वेगळी स्टेशनं आहेत. शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, शिन-कोबेला थांबते. आमचं हॉटेल सान्नोमियाला, आणि मी 'कोबे' अशी पाटी दिसली म्हणून उतरलो. चार बॅगा, पाऊस, आणि बायको एक शब्द बोलली नाही. ती शांतता अजून आठवते.

मुसाफिर_कट्टा: म्हणून म्हणतो, ओसाका.

हिशेबी_आत्या: रेल्वेचा देशभराचा पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा २९,६५० येनवरून ५०,००० झाला. सुटी तिकिटं काढा. आणि हिरोशिमा एका दिवसात करायच्या फंदात पडू नका.

लिंबूसरबत: का नको? शिन-कोबेहून सव्वा तासात पोचता.

हिशेबी_आत्या: पोचता हो. पण तिथल्या अणुबॉम्बच्या संग्रहालयातून बाहेर आल्यावर लगेच गाडी पकडावीशी वाटत नाही.

पुणेरी_पाटी: जेवणाचं कुणीच बोललं नाही. मिसो सूपमध्येसुद्धा माशाचा अर्क असतो. 'व्हेज' म्हटलं की मान डोलावतात आणि वर माशाचे पापुद्रे भुरभुरतात.

लिंबूसरबत: अहो, कोबेत जुनी भारतीय वस्ती आहे. कितानोच्या चढावर जैन मंदिर आहे, भारतीय हॉटेलं आहेत. आईंची पोळीभाजीची सोय होईल.

पुणेरी_पाटी: जपानला जाऊन पोळीभाजी. छान.

आडवाटेचा_वाटसरू: हिमेजीला किल्ल्याच्या आत लाकडी जिने आहेत, वर वर जाल तसे शिडीसारखे उभे होत जातात. लिफ्ट नाही. बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे, म्हणजे कठडा धरायला एकच हात उरतो. आईंना शेजारच्या कोको-एन बागेत बसवा, तुम्ही नि बाबा वर जाऊन या. एक दिवस आरिमाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांना द्या, सान्नोमियाहून बस आहे. लोहाचं तांबूस गरम पाणी, गुडघ्यांना बरं वाटेल. पांढरा टॉवेल नेऊ नका, आमचा गेला.

हिशेबी_आत्या: आणि पास घेऊ नका.

मुसाफिर_कट्टा: वरच्यांनी सांगितलंच आहे, कोबे घ्यायचंच तर सान्नोमियाच. कोबे स्टेशनच्या बाजूला संध्याकाळी काही नसतं.

चहाबाज_ठाणे: सगळ्यांचे आभार. बुकिंग केलं. कोबे स्टेशनजवळ, हार्बरलँडच्या बाजूला 😬 शिनकाइसोकु तिथेही थांबते, तपासलं. बाबांची सगळी नोकरी माझगावच्या गोदीतली. समोर कावासाकीची गोदी आहे आणि तिथे पाणबुड्या बांधतात हे कळल्यापासून त्यांनी बाकीचा धागा वाचलाच नाही. क्योटो तुम्ही दोघं करून या, म्हणतात. खोली ९,८०० ला पडली.

हिशेबी_आत्या: म्हणजे बजेट ९ नव्हतंच.