‘परम’च्या आधी काहीच नव्हतं?

कुलाबेकर: ‘भारतात संगणक बनवायला १९९१ च्या परम महासंगणकापासून सुरुवात झाली’ असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! परम बनवणाऱ्या विजय भटकरांचं काम मोठंच आहे. पण १९६० मध्येच कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) टिफ्रॅक हा तिथेच बांधलेला संगणक सुरू झाला होता. रंगस्वामी नरसिंहन अमेरिकेत गणितात पीएचडी करून १९५४ साली तिथे रुजू झाले. संगणक बांधण्याचा अनुभव चमूत कुणालाच नव्हता. फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या इवल्या कड्या तारांत ओवून ४० बिटांच्या २०४८ ‘शब्दां’ची, म्हणजे माहितीच्या कप्प्यांची, मेमरी उभी केली. हे ‘काहीच नव्हतं’?

रोखठोक: भावना पुरे. टिफ्रॅक चालू झाला तेव्हाच जुना झाला होता. व्हॅक्यूम ट्यूबवाला, काचेच्या नळ्यांवर चालणारा! आयबीएमचं ट्रान्झिस्टरवालं ७०९० त्याआधीच, १९५९ मध्ये आलं होतं. १९६४ ला खुद्द टीआयएफआरनं सीडीसी ३६०० हा अमेरिकन संगणक आयात केला. विषय संपला.

पंचकार्डवाला: सीडीसीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. आमच्या प्राध्यापकांनी मला पंचकार्डांचा, म्हणजे छिद्रं पाडून प्रोग्रॅम लिहिलेल्या कार्डांचा, गठ्ठा घेऊन तिथे धाडलं होतं. एका कार्डावर स्वल्पविराम चुकला, सगळं काम परत आलं, पुन्हा नंबर लावा. देशभरातले लोक त्या मशीनवर प्रोग्रॅमिंग शिकले. तुमच्या टिफ्रॅकवर किती शिकले?

कुलाबेकर: आणि सीडीसी आल्या दिवशी ते हाताळणारी माणसं आकाशातून पडली का? टिफ्रॅकवर हात बसलेलेच होते ना!

पंचकार्डवाला: आम्हाला तिथे कुणी शिकवलं नाही. खिडकीतून गठ्ठा घ्यायचे, खिडकीतूनच परत. बाहेरच्या पोरांना मशीनचं दर्शनसुद्धा नाही. ही सरंजामी वृत्ती आजही सगळ्या प्रयोगशाळांत आहे, त्यावर कुणी बोलत नाही.

रोखठोक: अगदी बरोबर. माझ्या मुलीला गेल्या वर्षी एका संस्थेच्या फाटकावरूनच परत पाठवलं.

कुलाबेकर: अहो, फाटकाचा राग नरसिंहनवर का काढता? १९६१ ते ६४ हा माणूस अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात होता. चित्राचं व्याकरण मांडून ते यंत्राला ओळखायला लावता येईल, हा विचार तेव्हा जगात मोजके लोक करत होते. त्यावर बोला.

रोखठोक: ते काम मोठं होतं, मान्य. टिफ्रॅकबद्दल मत बदललेलं नाही.

पंचकार्डवाला: खिडकीचं उत्तर अजून आलेलं नाही.